उशिरा येणाऱ्याची घागर

वैजनाथ बिराजदार गुरुजींना आवाज होता, मिशी होती, अठरा वर्षांची नोकरी होती. फक्त त्यांना भीत कुणी नव्हतं. त्यांनी "गप्प बसा" म्हटलं की तळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतली बावीस लेकरं आधी एकमेकांना "ए, गप्प बसा, गुरुजी गप्प बसा म्हणालेत" असं ओरडून सांगायची, आणि त्यातच पाच मिनिटं जायची. उलट शाळेत खिचडी शिजवणाऱ्या केवळाबाईंनी आतून पातेल्यावर पळी नुसती आपटली की वर्ग चिडीचूप. गुरुजी हे कुणापासून लपवत नसत. "सरकारनं पगार मला देऊन चूक केली, पळीला द्यायला पाहिजे होता," असं ते स्वतःच सांगायचे.

छडी कायद्यानं बंद झाली तेव्हा बऱ्याच मास्तरांना वाईट वाटलं. गुरुजींना सुटल्यासारखं झालं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एकदाच छडी उगारली होती. ज्याच्यावर उगारली त्या पोरानं ती हातातून घेतली आणि, "गुरुजी, अशी न्हाई, अशी धरत्यात," म्हणून नीट धरून दाखवली. त्यानंतर ती छडी नकाशा दाखवायला वापरात आली आणि लडाखवर बोट पोचत नाही तेवढ्यापुरतीच तिची गरज उरली.

हे सगळं असंच सेवानिवृत्तीपर्यंत चाललं असतं. पण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष रेवणप्पा शाळेत आले आणि खुर्ची ओढून दारातच बसले. रेवणप्पांचं वय सत्तर, शेत चाळीस एकर आणि शाळेत नातवंडं तीन. त्यांतली धाकटी सिंधु दुसरीत होती आणि त्या क्षणी बाकावर उभी राहून वर्गाला नाच दाखवत होती.

"गुरुजी," रेवणप्पा म्हणाले, "ह्या शाळेत शिस्त न्हाई."

"आहे की," गुरुजी म्हणाले, आणि त्यांच्या डोक्यावरून एक चप्पल गेली.

"फाट्यावरच्या इंग्लिश शाळंत लेकरं टाय लावून, रांग धरून मुतायला जात्यात. मी सोता बगून आलोय. आमी तुमाला काय म्हनलो हुतो? मांस तुमचं, हाडं आमची. तुमी तर मांसाला बी हात लावंनात अन् हाडाला बी. तीस तारखेपोत्तर शिस्त दाखवा, न्हाईतर माजी तिन्ही लेकरं पिवळ्या गाडीत."

रेवणप्पा गेले आणि गुरुजींनी बावीसातून तीन वजा केले. ही वजाबाकी त्यांनी फळ्यावर केली, कारण मनात केलेली त्यांना पटेना. उत्तर एकोणीसच येत होतं. आणि वीसच्या आत पट असलेल्या शाळांची माहिती मागवणारं पत्र टेबलाच्या खणात आठ दिवसांपासून पडून होतं. ती माहिती कशासाठी मागवतात हे न कळायला गुरुजी काही पहिलीत नव्हते. तळेवाडीची शाळा बंद म्हणजे उरलेल्या एकोणीस लेकरांनी ओढा ओलांडून तीन किलोमीटर चालायचं. त्यांतल्या निम्म्या पोरींचं चालणं पहिल्याच पावसाळ्यात थांबणार, हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय ते स्वतः आणि त्यांच्या सहकारी वर्षाराणी मॅडम दोघंही अतिरिक्त ठरणार, आणि जिल्ह्याच्या कुठल्या टोकाला जाऊन पडणार ते देव जाणे. तळेवाडीत आल्यापासूनच्या अकरा वर्षांत शाळेनं त्यांचं ऐकलं नव्हतं, पण शाळा त्यांची होती.

गुरुजींना सल्ले मिळायला सुरुवात झाली. गुरुजी धरून चार मास्तर लातूरहून एका गाडीत यायचे, त्या गाडीत पहिला सल्ला मिळाला: शिट्टी घ्या. शिट्टी आणली. ती दुपारपर्यंत बावीस तोंडांतून फिरली आणि परत आली तेव्हा गुरुजींनीच तिला हात लावायचं सोडलं. दुसरा सल्ला शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापक सिद्धेश्वरअप्पांचा. "बोलूच नका, बिराजदार. नुसते डोळे मोठे करून बघा. मी पस्तीस वर्षं डोळ्यांवर काढली." गुरुजी दोन दिवस आरशासमोर डोळे मोठे करत होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीनं, उज्वलाताईंनी, काही न विचारता ड्रॉप्सची बाटली पुढं ठेवली. वर्गात डोळे मोठे केले तर पहिलीतली दोन पोरं घाबरली खरी, पण ती गुरुजींना काहीतरी होतंय म्हणून घाबरली आणि केवळाबाईंना हुंगवायच्या कांद्यासकट घेऊन आली.

शेवटी गुरुजींना प्रशिक्षण आठवलं. मागच्या वर्षी 'आनंददायी शिस्त' नावाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. त्याची पुस्तिका उज्वलाताईंनी फडताळात डब्यांखाली अंथरली होती, आणि प्रशिक्षणात जेवणानंतर गुरुजींना झोप लागली होती. पण झोप लागायच्या आधी त्यांनी एक वाक्य ऐकलं होतं: "नियम मुलांनीच करावेत, आणि ते सर्वांना सारखे असावेत." पुढं बहुधा काहीतरी खबरदारी सांगितली असणार. ती गुरुजींनी ऐकली नाही, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

दुसऱ्याच दिवशी बालसभा भरली. सचिव म्हणून चौथीतल्या विशाखाची निवड झाली, कारण तिचं अक्षर चांगलं होतं आणि तिच्याशी भांडायची कुणाची हिंमत नव्हती. विशाखाचे वडील सुगत ग्रामपंचायतीत रोजगारसेवक. त्यांचं घरात एकच सांगणं होतं, की लिहिलेलं वाचायचं आणि वाचलेलं पाळायचं. मोठ्या माणसांत हे वाक्य सहसा भाषणापुरतं असतं. विशाखाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

लेकरांनी अर्ध्या तासात तीन नियम केले. घंटा झाल्यावर येईल त्यानं हापशावरून एक घागर पाणी आणून शाळेपुढच्या लिंबाच्या रोपाला घालायचं. वर्गात मोबाईल बघेल त्यानं पहिलीची कविता हातवारे करून म्हणायची. आणि खोटं बोलेल त्यानं खिचडीचं मोठं पातेलं घासायचं. तिसऱ्या नियमाला केवळाबाईंनी स्वयंपाकखोलीतून टाळी वाजवली. फळ्याच्या कोपऱ्यात विशाखानं तीन रकाने आखले: उशिरा येणारे, मोबाईल बघणारे, खोटं बोलणारे.

"अन् नियम सगळ्यायला सारका ना गुरुजी?" तिनं विचारलं.

"सगळ्यांना सारखा!" गुरुजी मिशीवर हात फिरवून म्हणाले. आपल्या तोंडून काय निघून गेलं हे त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

त्याचं असं होतं. शाळेची घंटा दहाला. चार मास्तरांची गाडी लातुरातून साडेआठला निघायची, म्हणजे निघायची असं ठरलेलं होतं. एकाचा डबा व्हायचा असायचा, दुसऱ्याची पूजा, तिसऱ्याला औश्याच्या बाजूला राहणाऱ्या साडूला काहीतरी द्यायचं असायचं. चौथे बिराजदार गुरुजी. त्यांचं काहीच नसायचं, म्हणून ते सगळ्यांत शेवटी फाट्यावर उतरायचे आणि दीड किलोमीटर चालत यायचे. अकरा वर्षांत शाळेची घंटा त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली ती पंधरा ऑगस्ट नि सव्वीस जानेवारीला. एरवी शिरूर अनंतपाळहून स्कूटीवर येणाऱ्या वर्षाराणी मॅडम घंटा द्यायच्या, आणि गुरुजी दहा चाळीसला घाम पुसत दारात उभे राहायचे. गावानं आणि लेकरांनी हे सूर्य पूर्वेला उगवतो तसं धरून चाललेलं होतं.

त्या दिवशी दारात विशाखा उभी होती. हातात स्टीलची घागर.

"गुरुजी, दहा चाळीस झाले."

गुरुजी हसले. विशाखा हसली नाही. तिच्यामागं एकवीस लेकरं अगदी गप्प, रांगेत बसली होती. अकरा वर्षांत इतकी शांतता गुरुजींनी त्या वर्गात पाहिली नव्हती. त्यांच्या मनात आलं, शिस्त शिस्त म्हणतात ती हीच, आणि ती आपल्याचकडं बघत बसलीय.

हापसा होता गावच्या पाराजवळ. पारावर रोजची सात-आठ माणसं. गुरुजी इस्त्रीच्या शर्टात, पेन खिशाला लावून हापसा मारताना पाहून पारावरची पत्त्यांची पानं हातातच राहिली.

"काय करालाव गुरुजी?"

"पाणी," गुरुजी म्हणाले, आणि खांद्यावर घागर घेऊन शाळेकडं चालू लागले. घागर खांद्यावर घ्यायची सवय नसल्यानं निम्मं पाणी शर्टातून खाली गेलं. लिंबाला पोचलं ते पेलाभर. विशाखानं आत डोकावून पाहिलं आणि अर्धी घागर पुन्हा आणायला लावली.

आता त्या लिंबाविषयी थोडं सांगायला हवं. शाळेपुढं वृक्षारोपणाचा एक खड्डा होता. दरवर्षी जुलैमध्ये त्याच खड्ड्यात नवीन रोप लावून फोटो वर पाठवला जायचा आणि दिवाळीपर्यंत खड्डा रिकामा व्हायचा. गुरुजींच्या हातून त्या एका खड्ड्यात दहा झाडं लागली होती, आणि कागदोपत्री शाळेभोवती जंगल होतं. यंदाचा लिंब अकरावा. तोही माना टाकून जायच्या तयारीत होता. पण त्याला आता रोज दहा चाळीसला घागरभर पाणी मिळू लागलं, कारण गुरुजींची गाडी काही सुधारली नाही. लिंबाला पालवी फुटली.

वर्ग मात्र खरंच बदलला. लेकरं पावणेदहालाच येऊन बसू लागली, कारण गुरुजींना घागर घेऊन येताना पाहणं कुणालाच चुकवायचं नव्हतं. वर्षाराणी मॅडमना एकदा भावजयीचा फोन बघताना पकडलं आणि त्यांना 'ये रे ये रे'सारखी एक कविता पंख हलवून म्हणावी लागली. त्यानंतर त्या आठवडाभर गुरुजींशी कामापुरतंच बोलत होत्या. "नियम करताना माणसानं आधी आपलं चारित्र्य बघावं," असं त्या केवळाबाईंना ऐकवून म्हणाल्या. गुरुजींना ते पटलं.

इथपर्यंत फक्त गुरुजींची इज्जत जात होती, आणि ती काही फार नव्हती. पण पारावर चर्चा वाढत होती. एवढा शिकलेला माणूस, रोज एका वेळी, न चुकता, न बोलता एका झाडाला पाणी घालतोय. बरं, ज्या खड्ड्यात दहा वर्षं काही जगलं नाही तिथलं झाड हिरवंगार होतंय. नक्कीच काहीतरी नवस आहे. बदलीचा असेल. मुलीच्या लग्नाचा असेल. मग एका बाईची हरवलेली शेळी, तिनं लिंबाला तांब्याभर पाणी घातल्यावर संध्याकाळी आपसूक घरी आली. शेळ्या संध्याकाळी घरी येतातच, पण हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. आठ दिवसांत लिंबाला हळदकुंकू लागलं. खड्ड्याशी नारळ फुटू लागले. मधल्या सुट्टीत लेकरं खोबरं खाऊ लागली आणि खिचडी उरू लागली, म्हणून केवळाबाई चिडल्या.

"गुरुजी, तुमच्या देवाला सांगा, बारानंतर परसाद घेत जा म्हनावं."

"अहो, तो देव नाही. मी उशिरा येतो म्हणून पाणी घालतो."

"असं लोकायला सांगू नका," केवळाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "देव म्हनलेलं बरं."

केवळाबाईंचं म्हणणं किती खोल होतं हे पंचवीस तारखेला समजलं. तालुक्याहून पत्र आलं. एका जागरूक ग्रामस्थाच्या तक्रारीवरून, आपण शालेय वेळेत वृक्षपूजा करून विद्यार्थ्यांत अंधश्रद्धा पसरवत असल्याबाबत, तीस तारखेला चौकशीस उपस्थित राहून खुलासा सादर करावा.

गुरुजींनी खुलासा लिहायला घेतला. "मी पूजा करत नसून" इथपर्यंत पेन सरळ चाललं. मग काय करतो? पाणी घालतो. का घालतो? उशिरा येतो म्हणून. का उशिरा येतो? लातूरला राहतो म्हणून. आणि लातूरला राहतो असं लिहावं, तर गुरुजी नियमाप्रमाणे तळेवाडीतच मुक्कामी राहतात असा शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव दरवर्षी वर गेलेला होता. त्यावर गुरुजींची सही होती आणि अध्यक्ष म्हणून रेवणप्पांची. म्हणजे खरं लिहिलं तर खोटेपणा, आणि खोटं लिहिलं तर अंधश्रद्धा. गुरुजींनी तो कागद चार वेळा फाडला. इतकं साधं वाक्य लिहिता येऊ नये याची त्यांना लाज वाटली. त्यांनी लेकरांना 'माझी शाळा' निबंधात पैकीच्या पैकी गुण दिले होते.

केंद्रप्रमुख शिवलिंग सर भले गृहस्थ. दहा-बारा शाळा त्यांच्या ताब्यात आणि सगळ्यांची लफडी त्यांच्या पोटात. त्यांनी फोनवरच मजकूर सांगितला: "लिहा. वृक्षसंवर्धन उपक्रमांतर्गत विद्यार्थ्यांसमोर आदर्श ठेवण्याच्या हेतूने स्वेच्छेने जलसिंचन. झालं. काही विचारलं तर हेच वाचून दाखवायचं. जास्त बोलायचं नाही."

गुरुजींनी तो कागद टाइप करून खिशात ठेवला.

तीस तारखेला गुरुजी भाड्याची रिक्षा करून पावणेदहालाच हजर झाले. विशाखानं घागर आत नेऊन ठेवली. रेवणप्पाही आले आणि मागं भिंतीला टेकून बसले. आज त्यांचा शिस्तीचा निकाल होता आणि तिन्ही नातवंडं पुढच्या रांगेत होती. फाट्यावरच्या शाळेची पिवळी गाडी सकाळीच गावात येऊन, "उद्यापासून येऊ का?" विचारून गेली होती.

साहेब, म्हणजे विस्तार अधिकारी, शिवलिंग सरांच्या मोटारसायकलवर मागं बसून सव्वाअकराला पोचले. दारात विशाखा उभी राहिली. शिवलिंग सरांनी तिला डोळ्यांनी बाजूला हो म्हटलं, पण त्यांच्याही डोळ्यांचं गुरुजींच्या डोळ्यांसारखंच होतं.

"सायेब, घंटा दहाला होते," विशाखा म्हणाली आणि घागर पुढं केली.

गुरुजींनी डोळे मिटले. साहेब थोडा वेळ तिच्याकडं, फळ्याकडं, तीन रकान्यांकडं बघत राहिले. मग त्यांनी खिशातला चष्मा शिवलिंग सरांच्या हातात दिला आणि घागर घेतली. शिवलिंग सर दुसरी घागर शोधत केवळाबाईंकडं धावले. पारावर एकानं दुसऱ्याला विचारलेलं शाळेपर्यंत स्पष्ट ऐकू आलं: "सायबाला बी नवस हाय का रं?"

दोघं पाणी घालून, ओल्या बाह्यांनी आत येऊन बसले. आता लिंबाला पाणी घालणं ही अंधश्रद्धा म्हणावी, तर साहेबांना स्वतःचं नाव अहवालात घालावं लागलं असतं. गुरुजींना वाटलं, सुटलो. पण साहेब रुमालानं हात पुसत म्हणाले, "आम्ही उशिरा आलो, आम्ही पाणी घातलं. ठीक. गुरुजी, तुम्ही तर इथंच गावात राहता. मग तुम्ही रोज का घालता?"

गुरुजींनी खिशातला कागद काढला. उलगडला. "वृक्षसंवर्धन" एवढं वाचलं आणि नजर वर गेली. फळ्याच्या कोपऱ्यात तिसरा रकाना होता. खोटं बोलणारे. तीन आठवडे झाले, तो रकाना कोरा होता. बावीस लेकरांनी एवढ्या दिवसांत एकही नाव त्यात येऊ दिलं नव्हतं. विशाखा खडू घेऊन उभी होती. ती गुरुजींकडं संशयानं बघत नव्हती, हीच पंचाईत होती. गुरुजी खरंच सांगणार याची तिला खात्री होती.

गुरुजींनी कागदाची घडी केली.

"साहेब, मी लातूरला राहतो. रोज चाळीस मिनिटं उशिरा येतो. अकरा वर्षं झाली. झेंडावंदन सोडलं तर आज पहिल्यांदा वेळेवर आलो, ते तुम्ही येणार म्हणून." एवढं बोलून त्यांना इतकं हलकं वाटलं, की बाकीचंही बोलून टाकावंसं वाटू लागलं. "आणि ते झाड अकरावं आहे. आधीची दहा मेली. फोटो फक्त जिवंत आहेत."

शिवलिंग सर छताकडं बघू लागले.

"पण ठराव आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी मागं वळून पाहिलं. "अध्यक्ष कोण? सही कुणाची आहे?"

रेवणप्पा उठून उभे राहिले. गुरुजींनी मला फसवलं, एवढं म्हणाले असते तर ते मोकळे होते, आणि गुरुजी त्यांना दोष देणार नव्हते. चाळीस एकराच्या मालकाला तोंड उघडायला वेळ लागत होता. तेवढ्यात पुढच्या रांगेतून सिंधु मागं वळली.

"आबा, खरं सांगा. पातेलं लई मोठं हाय."

वर्गात कुणी हसलं नाही. रेवणप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"सही माजीच हाय सायेब. गुरुजी एक दिस बी गावात ऱ्हायले न्हाईत. मला ठाव हुतं. दरसाली सही करून राहिलो."

विशाखानं तिसऱ्या रकान्यात पहिलं नाव लिहिलं: रेवणप्पा आबा. मग ती गुरुजींकडं वळली. "गुरुजी, त्या ठरावावर तुमी बी सही केली हुती?"

"केली होती," गुरुजी म्हणाले. तिनं दुसरं नाव लिहिलं. ते लिहिताना तिचा हात जरा सावकाश चालला, असं गुरुजींना वाटलं. कदाचित तसं वाटून घ्यायची त्यांची इच्छा असेल.

साहेबांनी अहवालात काय लिहिलं ते कुणाला कळलं नाही. जाताना त्यांनी आठ दिवसांत गावात राहायला यायचं लेखी घेतलं, हजेरीपटावरची बावीस नावं मोजली, आणि विशाखाला मोठेपणी काय होणार म्हणून विचारलं. "तुमची सायेब," ती म्हणाली. साहेब घाईनं मोटारसायकलवर बसले.

दुपारी स्वयंपाकखोलीमागं गुरुजी आणि रेवणप्पा समोरासमोर बसून पातेलं घासत होते. केवळाबाई वर उभ्या राहून बुडाचं करपलेलं दाखवत होत्या. राखेनं गुरुजींची मिशी पांढरी झाली होती. विचारायचं ते विचारायची हिंमत होत नव्हती, पण पिवळी गाडी उद्या सकाळी येणार होती.

"रेवणप्पा, लेकरांचं काय ठरवलंत?"

रेवणप्पांनी आधी हाताखालचा डाग घासून काढला. "माज्या बापानं मला भांडं घासाय लावलं न्हाई. बायकोची तर टापच नव्हती. तुमच्या चौथीतल्या पोरीनं लावलं. आता शिस्त न्हाई म्हनू कोन्त्या तोंडानं?" मग त्यांनी पातेलं फिरवलं. "ती कडंची खोली माजी रिकामीच हाय. गुरं न्हाईत आता तितं. या ऱ्हायला."

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी राखेला दोष दिला.

उज्वलाताईंना मुलीच्या बारावीमुळं लातूर सोडता येत नव्हतं. त्यांनी गादी, स्टोव्ह आणि लोणच्याची बरणी बांधून दिली आणि दारात म्हणाल्या, "तिथून शाळा दोनशे पावलांवर आहे. आता तरी वेळेवर जा." गुरुजींना हे बोलणं लागलं. आता उशीर व्हायला जागाच कुठं होती? दोन आठवडे ते घंटेच्या आधी हजर राहिले, स्वतःच्या हातानं घंटा दिली, आणि लिंबाला पाणी घालायला रोज कुणीतरी पोर मुद्दाम उशिरा येऊ लागलं. नारळ बंद झाले, कारण गुरुजींचा नवस फिटला आणि त्यांना गावात खोली मिळाली, असं पारावर ठरलं होतं.

मग एका सकाळी नऊ वाजता, गुरुजी दाढी करत असताना, रेवणप्पा खोलीत आले आणि दार लावून घेतलं.

"गुरुजी, एक काम हुतं. कुनाला बोलू नका." त्यांनी आवाज खाली आणला. "शिस्त जरा कमी करा."

"काय झालं?"

"सिंधुनं घरात फळा टांगलाय. काल जेवताना मोबाईल बगितला, तर सुनंच्या देखत कविता म्हनाय लावली. हातवारे करून. आज सकाळी चा प्यालो न्हाई असं म्हनलो, प्यालो हुतो, तर पातेलं काढून ठिवलंय. माज्या घरात मलाच जगनं मुश्कील झालंय. तुमी गुरुजी हाव, तुमचं ऐकंल ती."

"माझं?" गुरुजी म्हणाले. पण मनातून त्यांना जे झालं ते सांगता येणार नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याविरुद्ध शिस्त जास्त झाल्याची तक्रार आली होती, आणि ती खुद्द अध्यक्षांची. रेवणप्पांना त्यांनी "बघतो" म्हणून गंभीरपणे वाटेला लावलं आणि शाळेला निघाले. वाटेत पाराजवळ सुगत भेटले, त्यांना हे सांगितलं. कुणाला बोलू नका म्हणून सांगितलं. पुढं हापशावर केवळाबाई भेटल्या, त्यांना सविस्तर सांगितलं. मग उज्वलाताईंना फोन लावला आणि सिद्धेश्वरअप्पांना देण्यासाठी निरोप तीनदा म्हणवून घेतला.

शाळेच्या दारात पोचले तेव्हा वर्ग गप्प बसलेला होता. मॅडमची घंटा देऊन झाली होती. दोनशे पावलांवर राहून गुरुजी अकरा मिनिटं उशिरा आले होते.

विशाखा घागर घेऊन उभी होती. गुरुजींनी कारण सांगायला तोंड उघडलं, तिच्याकडं पाहिलं आणि मिटलं. मग घागर खांद्यावर घेतली. आता सरावानं त्यांच्या हातून एक थेंबही सांडत नव्हता.